मॉडिफाय केलेल्या गाडीत आयएटी सेन्सर: कोणता घ्यायचा, कुठे बसवायचा आणि मोबाईलवर कसा तपासायचा?

मे महिन्यात मोबाईल डॅशबोर्डवर राहिला की चार्जिंग आपोआप थांबतं आणि स्क्रीनवर फोन गरम झाल्याची सूचना येते, हे तुम्ही पाहिलं असेल. फोनला हे कळतं कसं? बॅटरीजवळ एक बारीकसा भाग बसवलेला असतो, थर्मिस्टर. तापमान बदललं की त्याचा विद्युतरोध बदलतो आणि फोनमधली चिप त्यावरून अंश मोजते. तुमच्या गाडीच्या इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सर अगदी याच कुटुंबातला आहे. त्याचं नाव इनटेक एअर टेम्परेचर सेन्सर, थोडक्यात आयएटी.

कंपनीतून आलेल्या गाडीत हा सेन्सर कुठे आहे, हे बहुतेकांना कधी शोधावंही लागत नाही. पण गाडीला टर्बो बसवला, वेगळा ईसीयू लावला, इनटेकचा पाइप बदलला, की हा चिमुकला भाग एकदम महत्त्वाचा होतो. तरी लोक हजारो रुपये टर्बो आणि इंटरकूलरवर घालतात आणि सेन्सर मात्र दुकानात जो मिळेल तो, पाइपवर जिथे जागा दिसेल तिथे ठोकून देतात. म्हणून हा लेख.

ईसीयूला हवेचं तापमान कशाला हवं?

हवा गरम झाली की पसरते. म्हणजे तेवढ्याच जागेत ऑक्सिजन कमी मावतो. ऑक्सिजन कमी तर पेट्रोलही कमी लागणार. हिशोब सोपा आहे, फक्त तापमान केल्विनमध्ये घ्यायचं, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवायचे. ३० अंशाची हवा म्हणजे ३०३ केल्विन, ६० अंशाची म्हणजे ३३३. दाब तोच असेल तर ६० अंशाला हवेचं वजन ३०३ भागिले ३३३, म्हणजे साधारण ९१ टक्के. नऊ टक्के हवा गायब.

आता समजा, हवा खरोखर ३० अंशाची आहे, पण सेन्सर ६० सांगतोय. ईसीयू त्याच्यावर विश्वास ठेवून नऊ टक्के पेट्रोल कमी सोडतो. ट्यूनरने फुल थ्रॉटलला हवा-इंधनाचं प्रमाण १२.५ ठेवलं असेल तर ते १३.७ च्या आसपास जातं. टर्बो गाडीला भरपूर बूस्टमध्ये हे परवडत नाही.

उलटा प्रकार त्याहून वाईट. हवा तापलीय आणि सेन्सर अजून थंडच सांगतोय. गरम हवेत इंधन वेळेआधी आपोआप पेट घेण्याचा धोका वाढतो, यालाच नॉकिंग म्हणतात. म्हणून हवा तापली की चांगला ईसीयू स्पार्क थोडा उशिरा देतो. पण त्याला तापल्याचं कळलंच नाही तर तो थंड हवेचं टायमिंग चालवत राहतो. नॉकिंगने पिस्टनच्या रिंगांमधली बारीक कड तुटते, आणि मग इंजिन उघडण्यावाचून पर्याय नसतो.

हवा तापते तरी किती? पुण्यातल्या दुपारची ३५ अंशाची हवा टर्बोने १ बार बूस्टपर्यंत दाबली आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा १३० अंशांच्या आसपास निघते. उकळत्या पाण्यापेक्षा गरम! इंटरकूलरने वाढलेल्या उष्णतेतली ७० टक्के काढून घेतली तरी ६४-६५ अंश उरतातच. आणि ही वाढ पाय दाबल्यापासून काही सेकंदांत होते. सेन्सर निवडताना हे 'काही सेकंद' डोक्यात पक्के ठेवा.

ओपन की क्लोज्ड?

बाजारात दिसायला सारखे दोन प्रकार मिळतात. एकात पुढच्या टोकाला प्लास्टिकची जाळी असते आणि आत मण्यासारखा थर्मिस्टर उघडा दिसतो. हा ओपन एलिमेंट. हवा थेट मण्याला लागते. दुसऱ्यात थर्मिस्टर पितळी टोपीत बंद असतो. हा मुळात कूलंट किंवा ऑइलसाठी केलेला, कारण पाण्यात उघडा मणी चालत नाही.

पितळी सेन्सर हवेत चालतो का? चालतो, आकडा दाखवतो, तिथेच फसवणूक होते. पितळ तापायला वेळ लागतो, आणि हवा काही पाण्यासारखी पटकन उष्णता देत नाही. शिवाय पितळी टोपी थेट आट्यांना जोडलेली असते, म्हणजे ती ज्या धातूत बसवलीय त्याची उष्णताही ओढून घेते. सेन्सर हवेपेक्षा पाइपचं तापमान जास्त सांगतो.

माझ्या एका मित्राच्या जुन्या पेट्रोल हॅचबॅकला टर्बो आणि वेगळा ईसीयू बसवलाय. काम करणाऱ्या वर्कशॉपने आटे जुळतात म्हणून कूलंटचा पितळी सेन्सर लावून दिला होता. गाडी चढावर बूस्टमध्ये किंचित टिकटिकते, म्हणून त्याने मला लॉग पाठवला. तिसऱ्या गिअरमध्ये आठ सेकंदांची ओढ, बूस्ट ०.७ बार. हवेचं तापमान काय? ओढ सुरू होताना ४४, संपताना ४६. पाहून बरं वाटावं असा आकडा. पण गंमत पुढे होती. पाय काढल्यानंतर अर्धा मिनिट तो आकडा चढतच राहिला आणि ५८ वर गेला. हवा तर केव्हाच थंड झाली होती, सेन्सरला बातमी आत्ता पोहोचत होती. प्लग काढले तर दोघांच्या पांढऱ्या चिनी मातीवर ॲल्युमिनिअमचे चमकणारे बारीक कण. ते कण पिस्टनचे असतात. ओपन सेन्सर लावून तीच ओढ पुन्हा केली, तर ४४ वरून थेट ६१. ट्यूनरने मग त्या तापमानाला टायमिंग मागे घेतलं आणि टिकटिक थांबली. इंजिन वाचलं.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. टर्बो किंवा सुपरचार्जर असेल तर ओपन एलिमेंटच घ्या. बंद सेन्सरचा विचार फक्त तिथे करा जिथे पाणी-मेथॅनॉलचा फवारा किंवा खूप ऑइल थेट सेन्सरवर येणार आहे, आणि तिथेही आधी सेन्सरची जागा बदलता येते का ते बघा.

कोणाचा घ्यायचा?

मॉडिफिकेशनच्या जगात दोन नावं वारंवार कानावर येतात. एक जनरल मोटर्सचा ओपन एलिमेंट, ३/८ एनपीटी आट्यांचा, म्हणजे निमुळते आटे. दुसरा बॉशचा, एम१२ आट्यांचा, १.५ मिलिमीटर पिचचा. दोन्ही एनटीसी प्रकारचे, म्हणजे तापमान वाढलं की रोध कमी होतो. दोन्ही चांगले. प्रश्न चांगल्या-वाईटाचा नाही, ईसीयूमध्ये कोणाचा तक्ता भरलाय याचा आहे.

जीएमचा सेन्सर ० अंशाला सुमारे ९,४२० ओहम दाखवतो, २० अंशाला ३,५२०, ४० ला १,४५९, ६० ला ६६७ आणि १०० ला १७७. बॉशचा ० ला ५,८९६, २० ला २,५००, ४० ला १,१७५, ६० ला ५९६ आणि १०० ला १८७. आता ईसीयूत तक्ता जीएमचा आणि पाइपवर सेन्सर बॉशचा, असं झालं तर काय होतं? खऱ्या २० अंशाला ईसीयू २७-२८ वाचतो, ४० ला ४५, ६० ला ६३, आणि १०० च्या जवळ आकडा जवळपास बरोबर येतो. म्हणजे कोणी नुसत्या उकळत्या पाण्यावर सेन्सर तपासून 'ओके' म्हणाला तर चूक लपून जाते. थंड बाजूलाही तपासायलाच हवं.

ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या सेन्सरबरोबर तक्ता येत नसेल तर तो घेऊ नका, किंवा तीन तापमानांवर स्वतः रोध मोजून ईसीयूत भरा. बहुतेक ट्यूनिंग सॉफ्टवेअरमध्ये तीन बिंदू दिले की उरलेला वक्र ते स्वतः काढतं. मल्टिमीटर, बर्फाचं पाणी, गरम पाणी आणि स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर एवढं पुरतं. बर्फाच्या पाण्यात बर्फ भरपूर असू द्या आणि ढवळत राहा, तरच ० अंश मिळतो. ओपन सेन्सर थेट पाण्यात बुडवू नका, पाण्यातून वीज वाहते आणि आकडा चुकतो. पातळ झिप पिशवीत घालून, हवा काढून बुडवा. उकळत्या पाण्याचा बिंदू घेत असाल तर लक्षात असू द्या, पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, १०० फक्त मुंबई-कोकणात.

जागा: खरं भांडण इथे आहे

सेन्सर कुठे बसवायचा यावर दोन गट आहेत. एक म्हणतो, इंजिनाच्या जितकं जवळ तितकं खरं, म्हणून इनटेक मॅनिफोल्डमध्ये. दुसरा म्हणतो, इंटरकूलरनंतर आणि थ्रॉटल बॉडीच्या आधी, पाइपवर. मी दुसऱ्या गटात आहे, निदान आपल्याकडच्या ट्रॅफिकमध्ये चालणाऱ्या गाड्यांसाठी तरी.

कारण आहे उष्णता मुरणं, ज्याला ट्यूनर हीट सोक म्हणतात. ॲल्युमिनिअमचा मॅनिफोल्ड सिलिंडर हेडला चिकटलेला. गाडी नवले पुलाच्या कोंडीत पंधरा मिनिटं उभी राहिली की हेडची उष्णता मॅनिफोल्डमध्ये आणि तिथून सेन्सरच्या आट्यांत मुरते. आयडलला हवा इतकी हळू वाहते की ती सेन्सरला थंड करूच शकत नाही. सेन्सर ७० सांगतो, हवा असते ४५ ची. ईसीयू पेट्रोल कापतो, आयडल डगमगतं, पुढे निघताना गाडी अडखळते. कंपन्यांच्या गाड्यांत दाब आणि तापमान एकत्र मोजणारा टी-मॅप सेन्सर सर्रास मॅनिफोल्डवर असतो हे खरं, पण कंपनीने महिनोन्महिने चाचण्या करून त्याची भरपाई सॉफ्टवेअरमध्ये केलेली असते. आपल्या ट्यूनरकडे तेवढा वेळ नसतो.

मास एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाड्यांत आणखी एक घोळ. त्यांचा आयएटी बहुधा त्या सेन्सरच्याच अंगात, फिल्टरजवळ असतो. म्हणजे टर्बोच्या आधी! तो बाहेरची हवा मोजतो, दाबलेली नाही. अशा गाडीला मॅनिफोल्डच्या दाबावर चालणारा ईसीयू लावताना तोच जुना सेन्सर वापरला, तर टर्बोने हवा १३० अंशांवर नेली काय आणि इंटरकूलर उन्हात तापून निकामी झाला काय, ईसीयूला पत्ता नसतो. इंटरकूलरनंतर नवीन सेन्सर लावणं इथे ऐच्छिक नाही.

पाइपवर जागा निवडताना रेडिएटरचा फॅन आणि एक्झॉस्टपासून लांबची बाजू बघा. सेन्सर पाइपच्या वरच्या किंवा आडव्या बाजूला लावा. खालच्या बाजूला ऑइलचं पाणी साचतं आणि मण्यावर थर चढून तो सुस्त होतो. थर चढलाच तर एअर फ्लो सेन्सर साफ करायचा स्प्रे मारा, कापसाने घासू नका, मण्याच्या तारा केसासारख्या असतात. टोक पाइपच्या भिंतीला लागून नको, प्रवाहात आत शिरलेलं हवं. ६३ मिलिमीटरच्या पाइपमध्ये मणी भिंतीपासून २० ते ३० मिलिमीटर आत असला की काम होतं. आणि पाणी-मेथॅनॉल फवारत असाल तर सेन्सर नॉझलच्या आधी. नंतर लावला तर थेंब मण्यावरच वाळतात आणि तो हवेपेक्षा थंड आकडा दाखवतो. मात्र आधी लावल्यावर फवाऱ्याने झालेला थंडावा सेन्सरला दिसणार नाही, हे ट्यूनरला आधीच सांगून ठेवा.

बसवायचं कसं?

ॲल्युमिनिअमच्या पाइपला भोक पाडून त्यात थेट आटे पाडणं हा सगळ्यात वाईट मार्ग. भिंत दीड-दोन मिलिमीटरची असते, आटे किती बसणार? बूस्टमध्ये सेन्सर बंदुकीच्या गोळीसारखा उडालेला मी पाहिलाय. लेथवाल्याकडून आटे पाडलेला जाड ॲल्युमिनिअमचा बुश करून घ्या आणि पाइप गाडीतून काढून, बाहेर नेऊन आर्गन वेल्डिंगने जोडा. ट्यूनर याला बंग म्हणतात. वेल्डिंग झाल्यावर आतून पाइप नीट धुवा. आत राहिलेला एक बुरा थेट सिलिंडरमध्ये जातो. काम चालू असताना पाइप गाडीवर ठेवून ड्रिल मारायला कोणी तयार असेल तर नम्रपणे नाही म्हणा.

सिलिकॉनच्या होजमध्ये सेन्सर लावू नका. बूस्टमध्ये होज फुगते, भोक मोठं होतं आणि गळती सुरू होते. टर्बो नसलेल्या गाडीत प्लास्टिकच्या इनटेक पाइपला रबरी ग्रोमेट लावून ढकलून बसवायचा सेन्सर मात्र छान चालतो, कारण तिथे दाब नसतो आणि रबर उष्णताही अडवतं.

निमुळते आटे पूर्ण गळ्यापर्यंत आवळायचे नसतात. हाताने घट्ट, मग पान्याने एक-दीड फेरा, बस. टेफलॉन टेप चालते, पण पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर टेपचा तुकडा आत जातो. टेपमुळे अर्थिंग तुटेल अशी भीती काही मेकॅनिक घालतात. दोन वायरच्या सेन्सरला बॉडीतून अर्थ लागतच नाही. एका वायरचा, बॉडीतून अर्थ घेणारा सेन्सर हा जुन्या मीटरचा प्रकार, तो ईसीयूसाठी घेऊ नका.

वायरिंगमध्ये एकच गोष्ट जपायची. दोन्ही वायर ईसीयूलाच जाऊ द्या, एक सिग्नलला आणि दुसरी ईसीयूच्या सेन्सर अर्थला. जवळच्या बोल्टवर अर्थ मारायचा मोह होतो. पण ईसीयूच्या अर्थमध्ये आणि त्या बोल्टमध्ये ०.१ व्होल्टचा फरक पडला तरी काय होतं बघा. मेगास्क्वर्टसारख्या ईसीयूत ५ व्होल्ट आणि २.४९ किलोओहमचा रोध वापरतात. जीएमच्या सेन्सरला ३० अंशांच्या आसपास दर अंशाला सुमारे ०.०५ व्होल्ट बदलतो, म्हणजे चूक दोन अंशांची. ८०-९० अंशांना दर अंशाला जेमतेम ०.०१५ व्होल्ट, म्हणजे तोच फरक सहा-सात अंशांची चूक करतो. आणि बोल्टचा व्होल्टेज वर असेल तर ती चूक 'हवा थंड आहे' याच दिशेने.

आता मोबाईल काढा

गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना स्टिअरिंगखाली ओबीडी पोर्ट असतो. ईएलएम३२७ प्रकारचा ब्लूटूथ डोंगल आणि टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप एवढ्यावर आयएटीचा आलेख फोनवर दिसतो. वेगळा ईसीयू लावला असेल तर त्याचं स्वतःचं ॲप किंवा लॅपटॉप लागेल.

आधी रात्रभर उभ्या गाडीत सकाळी फक्त इग्निशन ऑन करा. आयएटी, कूलंटचं तापमान आणि बाहेरचं तापमान तिन्ही जवळपास सारखे यायला हवेत. फोनवर -४० दिसलं तर महाबळेश्वरला बर्फ पडला असं समजू नका, वायर तुटलीय किंवा प्लग सुटलाय. ओबीडीच्या भाषेत हा आकडा ० ते २५५ असा येतो आणि ॲप त्यातून ४० वजा करतं, म्हणून शून्य म्हणजे -४०. सोबत पी०११३ हा कोडही येऊ शकतो. पी०११२ आला तर उलट, वायर कुठेतरी शॉर्ट आहे.

टर्बो नसलेल्यांसाठीही हा आलेख कामाचा आहे. बोनेटखाली उघडा कोन फिल्टर लावून 'कोल्ड एअर इनटेक' म्हणून मिरवणाऱ्या गाड्या बऱ्याच आहेत. लावण्याआधी आणि नंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेळी आकडा बघा. फिल्टर इंजिनाची गरम हवा ओढत असेल तर तो आकडा वाढलेला दिसेल.

यावरूनच एक सावधगिरी. ऑनलाइन 'परफॉर्मन्स चिप' म्हणून शंभर-दोनशे रुपयांत जी वस्तू विकली जाते, ती अनेकदा नुसता एक रेझिस्टर असतो. आयएटीच्या प्लगमध्ये तो खोचायचा, म्हणजे ईसीयूला हवा कायम थंड वाटणार आणि तो पेट्रोल जास्त सोडणार, अशी ती युक्ती. नेहमीच्या चालवण्यात एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर ते जास्तीचं पेट्रोल परत कापतो, त्यामुळे ताकद येत नाही. मात्र हवा तापल्यावर टायमिंग मागे घ्यायचं संरक्षण गेलं ते गेलंच. घेऊ नका.

कायद्याचंही एक. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना, कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही असं म्हटलंय. टर्बो किंवा वेगळा ईसीयू लावलेली गाडी रस्त्यावर काढणं अडचणीचं ठरू शकतं, वॉरंटी तर जातेच. इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइम्बतूरच्या करी ट्रॅकवर चालणाऱ्या गाडीचा प्रश्न वेगळा.

नवीन सेन्सर बसवला की शेवटची चाचणी अशी करा. गाडी गरम करून दहा मिनिटं आयडलला उभी ठेवा, आकडा चढू द्या. मग लॉग सुरू करून मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने निघा. पंधरा-वीस सेकंदांत आकडा झपकन खाली आला तर सेन्सर हवा मोजतोय. दोन-तीन मिनिटं रेंगाळत उतरला तर तो अजूनही धातूच मोजतोय. मग बंग आणि सेन्सरमध्ये उष्णता न वाहणाऱ्या प्लास्टिकचा, डेलरिनचा बुश टाकून बघा, आणि तरी नाही जमलं तर जागा बदला.